कृष्णामाईचा पूर आणि गावची नाव

मंदिराच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा समितीच्या मंडळींनी "गावच्या इतिहासावर तुम्हीही चार ओळी लिहा" असा आग्रह केला. देवस्थानची माहिती, यात्रेची परंपरा, पुजारी घराण्याची हकीकत हे सर्व या अंकात जाणत्या मंडळींनी लिहिलेले आहेच. मी तालुका कचेरीतील एक साधा लिपिक. वर्षभर आवक-जावक आणि पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्षातील नोंदवहीत पाण्याची पातळी लिहिणे हे माझे काम. सबब देवाच्या घाटापुढून जी नदी वाहते तिच्या पुराविषयी आणि त्या पुरात चालणाऱ्या नावेविषयी लिहिणे मला अधिक जमेल असे वाटले. या विषयावर गावात बोलणारे पुष्कळ आहेत, पण लिहून ठेवलेले काही नाही.

कृष्णामाईचा उगम महाबळेश्वरी. तेथे वर्षाला सरासरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात मात्र तीस इंच झाला तरी शेतकरी समाधान मानतो. म्हणून आपल्याकडे ऊन पडलेले असते आणि नदी मात्र फुगत असते, हा प्रकार परगावच्या पाहुण्यांस चमत्कारिक वाटतो. संगम माहुलीस वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, ब्रह्मनाळास येरळा, हरिपुरास वारणा आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. प्रत्येक संगमावर एक गोष्ट घडते. मोठी नदी भरून वाहू लागली की लहान नदीचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते. यालाच फुगवटा म्हणतात. फुगवट्याचे पाणी वरून शांत दिसते. पण संगमाच्या तोंडाशी दोन धारा एकमेकींवर आदळून भोवरे धरतात आणि नाव नेमकी तेथेच फसते. काठावर उभे राहणाऱ्यास हे दिसत नाही, वल्हे धरणाऱ्याच्या हाताला कळते.

पूर्वी नदी ओलांडण्याची साधने तीन. पहिले सांगड. वाळलेले भोपळे दोरीत बांधून त्यांच्या आधाराने माणूस पोहत पलीकडे जात असे. दोन होड्या एकमेकींस बांधल्या तरी त्याला सांगडच म्हणत. आज आपण भाषणात "सांगड घालणे" म्हणतो तो शब्द या पाण्यातून आलेला आहे, हे शाळेतील मुलांस सांगण्यासारखे आहे. दुसरे साधन काहील. गुऱ्हाळात रस उकळण्याची ती भली मोठी लोखंडी काहील गुऱ्हाळ बंद असताना पाण्यात उतरवीत. चार-पाच माणसे, क्वचित एखादे दूधवाल्याचे कॅन घेऊन ती पलीकडे जाते. पण काहिलीला ना तोंड ना शेपूट. धारेत सापडली की ती जागच्या जागी गरगर फिरते. उन्हाळ्याच्या पाण्यात ठीक, पुरात काहील म्हणजे काळच. तिसरे आणि खरे साधन म्हणजे लाकडी नाव, अर्थात तर.

नदीच्या पुराने मोठमोठ्या लढायांचेही पारडे फिरविले आहे. इ.स. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ यमुनेच्या अलीकडे आणि अहमदशाह अब्दाली पलीकडे अशी स्थिती होती. भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यास नावा गोळा करण्याविषयी लिहिले होते, पण यमुना उतरेना. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदीत घोडी घातली, काही माणसे बुडाली तरी तो अलीकडे आला आणि मराठ्यांचा दक्षिणेकडील रस्ता तुटला. पुढचे पानिपत सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८०० साली, आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती धोंडिया वाघाच्या पाठीवर आला तेव्हा त्याने कातडे मढविलेल्या टोपल्यांच्या नावा वापरल्या. जून ते ऑक्टोबर कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्या पायउतार नसतात, तेव्हा नावा ज्याच्याजवळ तो वरचढ, हे त्याने ओळखून लिहून ठेवले. आपल्याच नद्यांचे हे गणित परक्याने मांडावे याचे वाईट वाटते. असो.

इंग्रजी अमलात नावेची व्यवस्था कायद्यात बसविण्यात आली. मुंबई इलाख्याचा १८६८ चा दुसरा कायदा हा तरी व अंतर्गत जलमार्गावरील नावा यांच्यासंबंधीचा. सार्वजनिक तर कोणती हे ठरविणे, उताराचा दर ठरविणे, तर मक्त्याने देणे ही सर्व व्यवस्था त्यात येते. दरवर्षी तरीचा लिलाव होई. मक्ता कोणीही घेवो, वल्हे मात्र आंबी व कोळी समाजातील माणसांच्याच हाती. आमच्या गावी गावकऱ्यांकडून नावाड्यास रोख पैसे घेण्याचा प्रघात नव्हता. सुगीला प्रत्येक घरातून शाळूच्या पेंढ्या अगर पायलीभर धान्य जाई. परगावच्या उतारूंनी तेवढे पैसे द्यावयाचे. सासरी निघालेल्या लेकीस आणि आजाऱ्यास फुकट नेण्याची रीत होती.

आता पुरात नाव कशी घालीत ते सांगतो, कारण या लेखात सांगण्याजोगे मुख्य ते हेच.

कोरड्या दिवसांत नाव काठावरून सुटली की समोरच्या काठावर लागते. चढत्या पाण्यात तसे होत नाही. आपल्या घाटावरून सोडलेली नाव धारेबरोबर वाहत फार खाली जाईल. म्हणून नावाडी आधी नाव काठाकाठाने, दोर लावून, बरीच वर ओढून नेत. तेथे उतारू बसवीत. मग नावेचे तोंड धारेकडे तिरके ठेवून सोडीत. वल्ही मारावयाची ती पलीकडे जाण्यासाठी. खाली नेण्याचे काम नदी आपोआप करीत असे. दोन्हींचा मेळ बसला की नाव नेमकी पलीकडच्या वडाखाली लागे. एका वल्ह्याचा हात चुकला आणि नाव धारेला आडवी झाली की पाणी वरच्या अंगाने काठावर चढते. त्यानंतर काही करता येत नाही.

उतारू बसविण्याचेही नियम होते. सर्वांनी खाली, तळाशी बसावयाचे. उभे राहणाऱ्यास नावाडी शिवी देई, मग तो पाटील असो की मामलेदार कचेरीचा शिपाई. याचे कारण साधे आहे. वजन खाली असेल तर नाव डुलून पुन्हा सरळ होते. वजन वर गेले की डुलली तशी कलंडते. नावेचा काठ पाण्यापासून एक वीत वर राहिला पाहिजे, त्याहून कमी राहिला तर माणसे उतरवावयाची. भर पुरात हे माप दोन विती होई. याचाच अर्थ असा की, ज्या दिवशी नावेत जागा मिळावी म्हणून गर्दी सर्वांत जास्त, त्याच दिवशी नावेत माणसे सर्वांत कमी घ्यावयाची. हा नियम पाळणे किती कठीण हे ज्याने घाटावरची ओरड ऐकली आहे त्यासच कळेल.

आणि शेवटचा नियम आपल्या नंदीचा. घाटावरील महादेवापुढे जो नंदी आहे त्याच्या चौथऱ्याच्या खालच्या पायरीस पाणी लागले की नाव एका फेरीत निम्मीच भरावयाची. नंदीचे खूर भिजले की नाव बाहेर ओढून कडीला बांधावयाची. मग पलीकडे कोणाचे लग्न असो, कोणी अत्यवस्थ असो, नाव सुटत नसे. जुन्या नावाड्यांनी पाण्याचे माप नंदीच्या खुरांवर का ठेवले याचा मी बराच विचार केला. फुटाची पट्टी असती तर "एक इंचच जास्त आहे" म्हणून कोणीही वाद घातला असता. नंदीशी वाद घालणारा गावात कोण?

पुढे पूल झाले. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. आज आपण आकाशवाणीवर अगर मोबाईलवर जी पातळी ऐकतो ती याच पुलाजवळची. ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका. पंचगंगेसाठी कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट अशा त्या पातळ्या आहेत. स्वातंत्र्यानंतर गावोगावी पूल व बंधारे बांधले गेले आणि एकेक तर बंद पडत गेली. आमच्या गावची नाव घाटावर उपडी पडली होती ती पुढे जळणाला गेली. नावाड्यांची मुले कारखान्यात, एस.टी.त, शाळेत नोकरीला लागली. ही प्रगतीच होय, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त नावेबरोबर नावेचे नियमही घाटावरून उठून गेले, ते कोणाच्या लक्षात आले नाही. नरसोबाच्या वाडीस मात्र नावा टिकल्या, कारण पलीकडे औरवाडास अमरेश्वराच्या दर्शनास जाणारे भक्त आजही नावेतून जातात. तेथे पाणी चढून पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवितात. देवसुद्धा पाण्यापुढे हट्ट धरीत नाहीत.

धरणांमुळे पुराचे स्वरूप पालटले. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या थोडी वर आहे. धरण भरत आले की दरवाजे उचलावे लागतात आणि कक्षात फोन येतो, इतके हजार क्युसेक सोडले. पुष्कळांस या आकड्याचा बोध होत नाही, म्हणून हिशेब देतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी एक दिवस वाहिले म्हणजे एक टीएमसी होते. एक लाख क्युसेक वाहत असेल तर दिवसाला साडेआठ टीएमसीहून अधिक. अलमट्टीच्या फुगवट्याने आपल्याकडे पूर येतो की नाही हा वाद मोठा आहे. त्यावर समित्या बसल्या, अहवाल झाले, मी त्यात शिरत नाही. नावेच्या दृष्टीने एवढेच की, पूर्वी पाणी पावसाबरोबर हळूहळू चढे, त्याचा लाल रंग, फेस, वाहत येणारा पाला पाहून नावाडी अंदाज बांधी. आता धरणाच्या खालचे पाणी फोनवरून समजते, आणि ज्याला फोन आला नाही त्यास समजत नाही.

दुसरा फरक पात्राबाहेरचा आहे. पूर्वीची नाव नदीत चाले. आजची बोट पुरात चालते ती शेतातून, रस्त्यावरून आणि गल्लीतून. पाण्याखाली आठ-दहा फूट उंचीचा ऊस असतो, द्राक्षबागेच्या तारा असतात, बाभळी असतात. मोटारीच्या पंख्यात यातले काहीही अडकते, आणि पंखा थांबला की बोटीस वल्हे नसते. विजेच्या तारा डोक्यापासून हातभर उंचीवर येतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यात काढून ठेवतात, पण दगडी खांब पाण्याखाली उभेच असतात. बंधाऱ्यावरून पाणी पलीकडे पडते तेथे वरून सपाट आणि खाली उलटी फिरणारी धार असते, तिच्यात गेलेली बोट बाहेर फेकली जात नाही, आत ओढली जाते. जुन्या नावाड्यास या गोष्टी माहीत नव्हत्या, कारण त्या वेळी त्या नव्हत्याच. आणि नव्यास नदी माहीत नाही.

२००५ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा "असा पूर पुन्हा होणे नाही" असे सर्वजण म्हणाले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. त्या दिवसांत मी कक्षात होतो. नोंदवहीत दर तासाला आकडा लिहावयाचा आणि फोन उचलावयाचा. फोनवर गावाचे नाव आधी येई आणि मग एकच शब्द, बोट. एन.डी.आर.एफ.च्या रबरी बोटी पुण्याहून व इतर ठिकाणाहून आल्या होत्या, सैन्यदल व नौदलही आले होते, पण एकाच वेळी पाण्यात असलेली गावे शेकड्याने मोजावी लागत होती.

दिनांक ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे दुर्घटना घडली. ब्रह्मनाळ म्हणजे रामदास पंचायतनातील आनंदमूर्तींचे स्थान, कृष्णा-येरळेचा संगम. गाव पाण्याने वेढलेले, दोन दिवस मदतीची वाट पाहून लोक कासावीस झालेले. गावातील बोटीतून माणसे सुरक्षित जागी नेण्याचे काम चालले होते. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे बसली आणि ती उलटली. पंधराहून अधिक जीव गेले, त्यात बायका होत्या, लेकरे होती. त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. बोट कोणी भरू दिली, जाकिटे का नव्हती, शासन कोठे होते, असे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारलेच पाहिजेत. पण काठावर बसून बोट चालविणाऱ्यास दोष देणे मला पटत नाही. घरात पाणी चढते आहे, पुढची फेरी होईल की नाही ठाऊक नाही, आणि समोर लहान मूल घेतलेली बाई हात पसरून उभी आहे. त्या वेळी "आता जागा नाही, उतरा" असे म्हणणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नाही. पूर्वी तो नकार नंदी देत असे. त्या दिवशी तो देणारे कोणी नव्हते.

त्यानंतर सव्वा महिन्याने, १५ सप्टेंबर २०१९ रोजी, आंध्रात गोदावरीवर देवीपट्टणमच्या पुढे कच्चुलुरु येथे पर्यटकांची मोठी बोट बुडाली. गोदावरी आपल्याच त्र्यंबकेश्वरी उगम पावते. तेथेही नदी भर पुरात होती. सत्तराहून अधिक माणसे होती, त्यांतील २६ वाचली. ती बोट मोठी होती, मोटारीची होती, वर मजला होता. सव्वा महिन्यानंतर ती बाहेर काढली ती काकीनाड्याच्या धर्माडि सत्यम नावाच्या माणसाने, दोर, नांगर आणि पाणबुडे यांच्या साहाय्याने. ज्याला पाणी कळते तो माणूस दोन्ही राज्यांत होता. फक्त त्याला बोलाविले गेले ते नंतर.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, सांगलीस ५४ फुटांच्या वर. त्या खेपेस आपल्या गावातील बहुतेक घरे आधीच रिकामी झाली होती. जनावरे माळावरच्या शाळेकडे नेली होती. रात्री बोटीची फेरी करावी लागली नाही, याचे श्रेय कोणा एकास देता येणार नाही. २०१९ साली ज्यांनी पत्र्यावर दोन रात्री काढल्या त्या बायांनी त्या वेळी कोणाची वाट पाहिली नाही, गाठोडी बांधली आणि त्या निघाल्या. म्हाताऱ्या माणसांस बैलगाडीतून नेले. पाणी खालच्या पायरीस लागले तेव्हाच हे सुरू झाले होते, खुरांस लागेपर्यंत कोणी थांबले नाही.

आता गावास फायबरची बोट मिळालेली आहे. ती ग्रामपंचायतीच्या पाठीमागे शेडमध्ये असते. तिच्यावर किती माणसे घ्यावयाची तो आकडा लिहिलेला आहे, पण तो बाहेरच्या बाजूस, आणि बोट पाण्यात गेली की बसणाऱ्यास तो दिसत नाही. आतील बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा अशी विनंती मी ग्रामसभेत केली होती, ती मंजूर आहे. दोन वल्ही बोटीबरोबर कायम बांधून ठेवावीत असेही ठरले आहे. गावातील सहा मुलांनी बोट चालविण्याचे शिक्षण घेतले. त्यांपैकी दोघे जुन्या नावाड्यांच्या घरातील आहेत. दरवर्षी मे महिन्यात, पाणी कमी असताना, त्यांनी घाटावरून बोट वर ओढून नेऊन तिरकी सोडण्याचा सराव करावा, वडीलधारी मंडळी काठावर बसून चुका सांगण्यास तयारच आहेत.

जीर्णोद्धाराच्या कामात घाटाच्या पायऱ्या नव्याने बसविल्या तेव्हा नंदीचा चौथरा उंच करावा, म्हणजे नंदी पुरात भिजणार नाही, अशी सूचना एका देणगीदार बंधूंनी केली होती. त्यामागील भक्ती थोर आहे. परंतु समितीने सर्वानुमते नंदी होता त्याच उंचीवर ठेवला, आणि देणगीदार बंधूंनी कारण ऐकून आनंदाने संमती दिली. त्यांच्याच देणगीतून चौथऱ्याच्या खालच्या पायरीवर पांढऱ्या दगडाची एक रेघ बसविली आहे आणि नाव बांधण्याची जुनी लोखंडी कडी साफ करून पुन्हा त्याच जागी, उत्तरेकडच्या भिंतीत, शिशात पक्की केली आहे.